जीव आणि जीविका : सांथीच्या काळीं दारें केव्हां उघडावीं?

(महोत्सवानिमित्त भरलेल्या धर्मग्रामाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं वक्त्यानें गतकाळाचें गुणगान करावें आणि श्रोत्यांनीं संतुष्ट होऊन भोजनास जावें, अशी जुनी रूढि आहे. ती वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या वर्षांचा हिशेब आपल्या मनांत अद्याप मिटलेला नाहीं, त्यांच्याविषयीं मौन धरून साजरा केलेला उत्सव अपुरा राहील. सन २०२० च्या मार्चपासून सन २०२२ च्या मार्चअखेरपर्यंत करोनाच्या सांथीनें आपलीं मंदिरें, शाळा, बाजार व एसटीच्या गाड्या कधीं बंद, तर कधीं अर्धवट चालू अशा ठेविल्या. त्या काळांत घरोघर एकच वाद चालला होता : जीव आधीं, कीं जीविका आधीं? सांथ ओसरली, वाद ओसरला नाहीं. कोणी म्हणतो, दारें लवकर उघडलीं म्हणून माणसें दगावलीं. कोणी म्हणतो, दारें उगाच बंद ठेविलीं म्हणून संसार बुडाले. अशी सांथ पुन्हां केव्हां येईल हें कोणास ठाऊक? म्हणून शांततेच्या दिवसांतच या वादाचा विचार करून ठेवणें हें शहाण्या समाजाचें कर्तव्य होय.

हा प्रश्न आपल्याच पिढीस पडला असें मात्र कोणीं समजूं नये. सन १५७६ मध्यें इटलींतील मिलान शहरीं प्लेग आला, तेव्हां तेथील महागुरुस्वामी संत चार्ल्स बोरोमेओ यांच्यासमोर तो उभा राहिला. लोकांस घरांत कोंडल्यावांचून रोग थांबेना. आणि कोंडलें तर कारागीर व मजूर उपाशी मरूं लागले. संत चार्ल्स यांनीं चौकाचौकांत वेदी उभारविल्या, कीं लोकांनीं खिडकींतूनच मिस्सा ऐकावी. आणि त्याचबरोबर स्वतःजवळचें द्रव्य वेंचून, वाड्यांतील पडद्यांच्या कापडाचेसुद्धां कपडे शिववून, निराधारांच्या अन्नवस्त्राची सोय लाविली. ज्यांस घरीं बसा म्हणावयाचें, त्यांच्या घरीं भाकरी पोहोंचविली पाहिजे, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

आपल्या देशांत सन १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला. भयभीत होऊन लोक शहर सोडूं लागले व गिरण्यांस मजूर मिळेनात. सरकारनें सन १८९७ सालीं सांथरोगांचा कायदा केला. त्याच जुन्या कायद्याचा आधार सन २०२० च्या मार्चमध्यें महाराष्ट्र सरकारनें पुन्हां घेतला. पुण्यास सोल्जरांकडून घरझडत्या झाल्या. त्यांत लोकांच्या अब्रूची पर्वा राहिली नाहीं, म्हणून लोक आजारी माणसें लपवूं लागले. आणि जो रोग लपविला जातो तो अधिक पसरतो. त्याच सांथींत सावित्रीबाई फुले यांनीं रोग्यांची शुश्रूषा करीत असतां ता. १० मार्च १८९७ रोजीं देह ठेविला. एकाच शहरांत एकाच वर्षीं लोकांनीं दोन प्रकारचे हात पाहिले : एक दार फोडणारा, व दुसरा रोग्यास उचलून नेणारा. विश्वास कोणत्या हातावर बसला हें सांगणें नलगे.

पुढें सन १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. जूनमध्यें मुंबईस आलेली पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-आक्टोबरांतील दुसरीनें कहर केला. त्याच वर्षीं पावसानेंही दगा दिला होता. अर्थात् अर्धपोटीं शरीरावर रोगानें घाला घातला. आपला परभणी जिल्हा तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. सन १९११ च्या शिरगणतींत त्या संस्थानाची वस्ती १ कोटि ३३ लाखांवर होती. सन १९२१ मध्यें ती १ कोटि २४ लाखांवर आली. दहा वर्षांत वाढ तर नाहींच, उलट सुमारें नऊ लाखांची तूट! त्यांत प्लेग व दुष्काळ यांचाही वांटा होता. पण इन्फ्लुएन्झाचा वांटा फार मोठा. तिकडे अमेरिकेंत सान फ्रान्सिस्को शहरानें नोव्हेंबर १९१८ मध्यें आनंदोत्सव करून तोंडावरचे मुखवटे काढून टाकिले. रोग पुन्हां उसळला, आणि जानेवारी १९१९ मध्यें तेच मुखवटे पुन्हां बांधण्याचा हुकूम काढावा लागला. पहिली लाट सौम्य गेली म्हणजे सुटलों, असें मानणाऱ्याची काय गत होते, हें इतिहासानें शंभर वर्षांपूर्वींच लिहून ठेविलें होतें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. ता. २५ मार्च २०२० रोजीं सर्व देश बंद झाला, त्या वेळीं परभणी जिल्ह्यांत या रोगाचा एकही रोगी आढळला नव्हता. एप्रिलच्या मध्यापर्यंत हीच स्थिति होती. म्हणजे रोग येण्याआधीं रोगावरचा उपाय आला, व उपायाची झळ प्रथम लागली. सुगीचे दिवस होते. ज्वारी व हरभरा निघाला, पण बाजार भरेना. मानवत-सेलूकडच्या शेतकऱ्याचा कापूस खरेदी थांबल्यामुळें घरांतच पडून राहिला, व पुढील पेरणीसाठीं पैसा कोठून आणावा ही विवंचना लागली. ऊसतोडीस परजिल्ह्यांत गेलेलीं कुटुंबें कारखान्यांच्या आवारांत अडकलीं. राज्यभर अशांची संख्या लाखावर होती, व त्यांस गांवीं परतण्याची परवानगी ता. १७ एप्रिल रोजीं मिळाली. पुण्यामुंबईहून आलेल्या आपल्याच मुलांस गांवकऱ्यांनीं वेशीबाहेर थांबविलें, हेंही आपण पाहिलें.

आणि एक गोष्ट विसरतां येत नाहीं. जो लोहमार्ग आपल्या परभणीवरून जालना-औरंगाबादेकडे जातो, त्याच मार्गावर करमाडजवळ ता. ८ मे २०२० च्या पहाटे सोळा मजूर मालगाडीखालीं सांपडून मृत्यु पावले. ते मध्यप्रदेशचे, जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यांत काम करणारे. काम बंद, गाड्या बंद; म्हणून पायीं निघाले, थकले, व रुळांवर झोंपले. त्यांस रोगानें मारिलें नाहीं. रोगाच्या मृतांची मोजदाद रोज होत होती. या प्रकारच्या मृत्यूंसाठीं कोणत्याही तक्त्यांत रकाना नव्हता.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, तर मग बंद ठेवणेंच चूक होतें. आम्ही तसें म्हणत नाहीं. दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणें पाहिली पाहिजे. सन २०२० च्या सप्टेंबरांत महाराष्ट्रांत एका दिवसाच्या नव्या रोग्यांचा उच्चांक सुमारें पंचवीस हजार होता. हिंवाळ्यांत तो आंकडा उतरला, तशीं लग्नें, सभा, निवडणुका, सर्व कांहीं पूर्ववत् सुरू झालें. सन २०२१ च्या फेब्रुवारींत विदर्भांत रोग वाढला, तेव्हां परभणी जिल्ह्यानें तिकडची वाहतूक थांबविली. पण वारा अडवावा कोणीं? ता. १८ एप्रिल २०२१ रोजीं राज्यांत एका दिवसांत ६८ हजारांहून अधिक नवे रोगी निघाले. प्राणवायूसाठीं लोक गांवोगांव धांवले. त्या दिवसांत ज्या घरचा मिळवता माणूस गेला, त्या घरचा धंदा दुकान उघडें ठेवल्यानेंही वांचला नाहीं.

यावरून पहिला सिद्धांत निघतो : जीव व जीविका हे तराजूचे दोन विरुद्ध पारडे नव्हेत. रोग मोकाट सुटला असतां हुकूम नसला तरी गिऱ्हाईक येत नाहीं, मजूर येत नाहीं, व्यापार आपोआप बसतो. उलट, उपासमार वाढली म्हणजे शरीर रोगास बळी पडतें, आणि भुकेला माणूस कोणताही निर्बंध पाळूं शकत नाहीं. सन २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहींत देशाचें एकूण उत्पन्न आदल्या वर्षाच्या मानानें सुमारें २४ टक्क्यांनीं घटलें असा पहिला अंदाज निघाला. त्यांतही शेतीनें ३.४ टक्क्यांची वाढ दाखविली. उघड्या रानांत माणसें अंतर ठेवून काम करूं शकतात, म्हणूनच हें शक्य झालें. तेव्हां प्रश्न ‘उघडावें कीं बंद ठेवावें’ असा नसून, ‘काय उघडावें, कोणत्या क्रमानें, आणि कोणाच्या खर्चानें’ असा आहे.

दुसरा सिद्धांत काळासंबंधीं आहे. आज जे रोगी मोजले जातात, त्यांस रोगाचा संसर्ग आठ-पंधरा दिवसांपूर्वीं झालेला असतो. रोग दर आठवड्यास दुप्पट होत असेल, तर आजचे शंभर रोगी पांच आठवड्यांत बत्तीसशें होतात. म्हणून एक दार उघडल्यावर दोन-तीन आठवडे थांबून परिणाम पाहावा, मगच दुसरें उघडावें. ही रीति सरकारनें सन २०२१ च्या जूनमध्यें कांहीं अंशीं स्वीकारिली. तपासलेल्यांपैकीं शेंकडा किती बाधित निघाले, व प्राणवायूच्या खाटांपैकीं शेंकडा किती भरल्या आहेत, या दोन मापांवरून जिल्ह्यांचे पांच स्तर केले. शेंकडा पांचांहून कमी बाधित व पंचवीसांहून कमी खाटा भरलेल्या, तर जवळजवळ सर्व व्यवहार मोकळे. मुंबईच्या मापानें परभणीस न मोजतां परभणीस परभणीच्या मापानें मोजावें, हें या पद्धतीचें मर्म होय. सन २०२० च्या एप्रिलांत हीच दृष्टि असती, तर आपल्या जिल्ह्यांतील कापूस व भाजीपाला इतका अडकून राहिला नसता असें आमचें मत आहे.

तिसरा सिद्धांत स्थळासंबंधीं आहे. हा रोग मुख्यतः कोंडलेल्या हवेंतून, दाटीवाटीनें बसलेल्या माणसांत पसरतो. असें असतां दुकानाच्या वेळा सकाळच्या चार तासांवर आणणें हें उलटच होय. दिवसभराची गर्दी चार तासांत येते. आठवडी बाजार बंद करण्यापेक्षां तो चार मैदानांत वांटून भरविणें, वेळ वाढविणें, व मोकळ्या जागेंतील कामें आधीं सुरू करणें हें अधिक शहाणपणाचें. रोजगार हमीच्या कामांस ता. २० एप्रिल २०२० पासून परवानगी मिळाली, ती याच न्यायानें योग्य होती. मराठवाड्यास हा मार्ग परका नाहीं. सन १९७२ च्या दुष्काळांत पाझर तलाव व रस्त्यांच्या कामांवर लाखों हातांनीं आपलें पोट भरलें, आणि ‘मागेल त्यास काम’ हें तत्त्व महाराष्ट्रानें पुढें कायद्यांत घातलें. आकाशानें पाणी बंद केलें तेव्हां राज्यानें मजुरास कामाचा हक्क दिला. मग राज्यानें स्वतः बाजार बंद केला असतां तो हक्क दुप्पट नव्हे काय?

येथें चौथा व सर्वांत कठीण मुद्दा येतो : खर्च कोणाचा? ज्यास महिन्याचा पगार घरबसल्या मिळत होता, त्यास टाळेबंदी म्हणजे गैरसोय; ज्याचें हातावर पोट, त्यास ती रोजची उपासमार. संरक्षण सर्वांचें, पण त्याची किंमत हमालानें, रिक्षावाल्यानें, फेरीवाल्यानें व मोलकरणीनें मोजावी, यास न्याय म्हणतां येत नाहीं. सरकारनें मदत केली हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. सन २०२० च्या एप्रिलपासून माणशीं पांच किलो धान्य मोफत मिळालें. शिवभोजनाची थाळी आधीं पांच रुपयांस व पुढें विनामूल्य मिळाली. सन २०२१ च्या एप्रिलांत निर्बंध घालतांना परवानाधारक रिक्षावाले, फेरीवाले, नोंदलेले बांधकाम-मजूर यांस प्रत्येकीं दीड हजार रुपये जाहीर झाले. परंतु हिशेब करून पाहा. त्या वर्षीं रोजगार हमीची मजुरी दिवसास २४८ रुपये होती. म्हणजे दीड हजार रुपये ही सहा दिवसांची मजुरी झाली, आणि निर्बंध मेअखेरपर्यंत सत्तेचाळीस दिवस चालले. ज्याचें नांव कोठेंच नोंदलेलें नाहीं, त्या शेतमजुरास व ऊसतोड्यास या रोख रकमेंतील एक पैही नव्हती. निर्बंध जितका कडक, तितकी मदत मोठी असली पाहिजे. आणि मदत देण्याची ऐपत नसेल, तर निर्बंधही तितकाच मर्यादित असला पाहिजे. हाच आमच्या मतें या साऱ्या वादाचा खरा तोल होय.

आतां क्रमाविषयीं. महाराष्ट्रांत उपाहारगृहें व मद्यगृहें ता. ५ आक्टोबर २०२० रोजीं उघडलीं. मंदिरें, मशिदी व चर्चें ता. १६ नोव्हेंबर रोजीं. यावरून पुष्कळ श्रद्धावंतांचीं मनें दुखावलीं, आपल्यांतीलही. तें दुःख आम्ही खोटें म्हणत नाहीं. सन २०२० चा पुनरुत्थानाचा सण आपण घरांत बसून पाळला. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीं ता. २७ मार्च रोजीं संत पेत्राच्या रिकाम्या चौकांत एकट्यानें प्रार्थना केली. त्याच वर्षीं आषाढीस पालख्या पायीं न जातां एसटीच्या गाडींतून पंढरपुरास गेल्या, व गंगाखेडसारख्या संत जनाबाईंच्या गांवांतील वारकरी घरींच राहिले. सर्व धर्मांच्या लोकांनीं केलेला हा त्याग लहान नव्हता. तथापि मद्याचे पेले भरणारी बंदिस्त खोली चालते, आणि दारें-खिडक्या उघड्या ठेवून अंतरानें बसलेली प्रार्थना चालत नाहीं, यांत कर-उत्पन्नाचा विचार दिसतो, आरोग्याचा दिसत नाहीं. नियम सर्वांस एकाच मापानें लाविला असता, तर मन दुखलें नसतें.

परंतु मंदिरांहूनही मोठा अन्याय शाळांच्या बाबतींत झाला. सन २०२० च्या मार्चमध्यें बंद झालेल्या प्राथमिक शाळा राज्यांत सन २०२१ च्या डिसेंबरांत उघडूं लागल्या. जवळजवळ पावणेदोन वर्षें पहिली-दुसरीचें मूल शाळेविना राहिलें. ज्या घरांत मोबाइल एकच, व तोही बापाबरोबर शेतांत जाणारा, त्या घरच्या मुलास ‘ऑनलाइन’ शाळा म्हणजे नुसता शब्द. मराठवाड्यांत शाळा सुटलेल्या मुलींचीं अल्पवयांत लग्नें लाविल्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले. लहान मुलांस या रोगाचा धोका वृद्धांच्या मानानें फार थोडा, हें लवकरच कळून आलें होतें. तरीही त्यांचेंच दार शेवटीं उघडलें. कारण मुलें कर भरीत नाहींत व मोर्चा काढीत नाहींत.

तसेंच इतर रोगांचें. सन २०१९ मध्यें देशांत क्षयाचे २४ लाखांवर रोगी नोंदले गेले. सन २०२० मध्यें १८ लाख. क्षय कमी झाला नाहीं. तपासणी कमी झाली. जे सहा लाख नोंदले गेले नाहींत, ते खोकत घरींच राहिले. ‘आरोग्य’ याचा अर्थ एकाच रोगाचा अभाव असा घेतला म्हणजे असें होतें.

शुभवर्तमानाच्या वाचकांस हा वाद ओळखीचा आहे. भुकेल्या शिष्यांनीं शब्बाथाच्या दिवशीं कणसें मोडलीं तेव्हां प्रभूनें भुकेची बाजू घेतली. आणि त्याच प्रभूनें बरा झालेल्या कुष्ठरोग्यास, समाजांत परतण्यापूर्वीं याजकाकडून तपासून घे, असें सांगितलें. भुकेपुढें नियम नमावा, पण शेजाऱ्याच्या सुरक्षिततेसाठीं तपासणीही व्हावी. दोन्ही आज्ञा एकाच मुखांतून आल्या आहेत. एक घेऊन दुसरी टाकण्याची मुभा कोणास नाहीं.

बंधुभगिनींनो, राज्यकारभार आपल्या हातीं नाहीं. पण कांहीं कामें निश्चित आपल्या हातीं आहेत. प्रत्येक गांवांत रोजंदारीवर जगणारीं घरें कोणतीं, एकटे वृद्ध कोठें राहतात, याची यादी शांततेच्या काळींच करून ठेवावी, व तींत जातिधर्माचा रकाना नसावा. सणाच्या खर्चांतून वर्षास थोडा भाग काढून धान्याचा व औषधाचा निधि सांठवावा, म्हणजे दारें बंद करण्याचा प्रसंग आलाच तर पहिल्याच आठवड्यांत चुली पेटत्या राहतील. सभागृह बांधतांना भिंतीच्या शोभेपेक्षां खिडक्यांचा विचार अधिक करावा. आशा कार्यकर्त्या दारोदार फिरून ताप मोजीत होत्या, तेव्हां त्यांस कांहीं ठिकाणीं हांकलून दिलें गेलें. तुटपुंज्या मोबदल्यासाठीं त्यांस सन २०२१ च्या जूनमध्यें संप करावा लागला. त्यांचा मान व त्यांची बाजू आपण राखावी, कारण पुढच्या सांथीची पहिली वार्ता त्यांच्याच वहींत येईल. आणि आजारी माणसास लपवावें न लागे, परगांवाहून परतलेल्या मुलास वेशीबाहेर उभें राहावें न लागे, इतका विश्वास आपल्या वस्तींत असावा.

ज्यांचे आप्त त्या दोन वर्षांत गेले, त्यांस आम्ही असें सांगणार नाहीं कीं अमुक केलें असतें तर ते वांचले असते. तें कोणासच ठाऊक नाहीं. ज्यांचीं दुकानें, जोडधंदे व शिक्षणें गेलीं, त्यांसही आम्ही असें सांगणार नाहीं कीं तुमचें नुकसान जिवाच्या मानानें किरकोळ होतें. कारण जीविका गेलेल्या माणसाचा जीवही अर्धा गेलेलाच असतो. एवढेंच म्हणतों, कीं दोघांचें दुःख एकाच सांथीचें आहे, व त्यांनीं एकमेकांस दोष देत राहूं नये. पुढील खेपेस दार बंद करावें लागलें तर तें बंद करणाऱ्यानें आंतल्या चुलीची चौकशी करावी, आणि दार उघडणाऱ्यानें बाहेरच्या खोकल्याची. इतकें या धर्मग्रामानें व या जिल्ह्यानें मनावर घेतलें, तर हा महोत्सव सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.